मेंदूची मोजणी

म्हैसूर शहराच्या मंडी मोहल्ल्यात होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनऱ्यांनी ते उभारले. या रुग्णालयात १९३४ सालापासून एक साधा परिपाठ चालत आला. मूल जन्मले की त्याचे वजन करावयाचे, टाळूपासून टाचेपर्यंत लांबी घ्यावयाची, आणि मग डोक्याभोवती फीत गुंडाळून त्याचा घेर मोजावयाचा. हे तीन आकडे परिचारिका प्रसूतीच्या नोंदवहीत उतरून ठेवी. पुढे या आकड्यांचे काय होणार, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मिशनच्या असोत वा सरकारी कचेरीतील असोत, बहुतेक नोंदवह्या अखेरीस वाळवीच्याच उपयोगी पडतात. या वह्या मात्र वाचल्या.

सुमारे साठ वर्षांनी, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधक आणि याच रुग्णालयातील वैद्य यांनी मिळून त्या नोंदींवरून माणसे हुडकून काढली. १९३४ ते १९५४ या काळात तेथे जन्मलेली आणि अजूनही त्याच परिसरात राहणारी ५१७ स्त्री-पुरुष मंडळी त्यांना सापडली. त्यांचे निष्कर्ष १९९६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जन्मवेळी ज्यांचे वजन साडेपाच पौंड किंवा त्याहून कमी भरले होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण शेकडा ११ होते. जे सात पौंड वा त्याहून अधिक वजनाचे जन्मले, त्यांच्यात ते शेकडा ३ च होते. ज्यांचे डोके जन्मतः लहान होते, त्यांच्यातही हा विकार अधिक आढळला. आईच्या पोटातील नऊ महिन्यांचा हिशेब पन्नाशी-साठीत चुकता करावा लागतो, ही गोष्ट म्हैसूरच्या त्या वह्यांनी भारतापुरती प्रथम डोळ्यांपुढे आणली.

त्या तीन आकड्यांपैकी तिसरा आकडा येथे प्रस्तुत आहे. डोक्याचा घेर कशासाठी मोजावयाचा? कवटी आपल्या हौसेने वाढत नाही. आतला मेंदू वाढतो आणि कवटीला रेटतो, म्हणून ती वाढते. नवजात अर्भकाचा मेंदू साडेतीनशे ते चारशे ग्रॅमचा, तर पुऱ्या वाढलेल्या माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. या वाढीचा फार मोठा वाटा पहिल्या दोन वर्षांतच उरकतो. टाळू भरली की नाही, हे घरातील आजी बोटाने चाचपून पाहते. तिची ती तपासणी शास्त्राला धरूनच असते. तेव्हा डोक्याचा घेर हा आतील मेंदूचा बाहेरून घेतलेला अंदाज होय. परंतु तो केवळ अंदाजच. भिंतीबाहेरून वाडा किती मोठा हे कळते. आत किती खोल्या, कोणती ओसरी ऐसपैस, कोणते माजघर अंधारे, हे कळत नाही.

बाहेरच्या मापावरून आतल्या माणसाची किंमत करण्याचा मोह मात्र फार जुना आहे, आणि त्याचा इतिहास स्पृहणीय नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ब्रोका यांनी मेंदू तोलले आणि स्त्रियांचा मेंदू हलका म्हणून त्यांची बुद्धीही हलकी, अशा अनुमानाला आपल्या नावाचे वजन दिले. वस्तुतः मोठ्या शरीरात मेंदूही मोठा असतो, एवढाच त्या फरकातील बराचसा अर्थ. रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांचा मेंदू मृत्यूनंतर तोलला तेव्हा तो २,०१२ ग्रॅम भरला. फ्रेंच साहित्यिक अनातोल फ्रान्स यांचा जेमतेम १,०१७ ग्रॅम. यांपैकी दुसरा निम्म्याच प्रतिभेचा धनी होता, असे कोणता रसिक म्हणेल? आपल्याकडे सनदी अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी व उंची यांचे गुणोत्तर काढले, आणि जातीची सामाजिक पायरी व नाकाचे माप यांची सांगड घालून दाखविण्याचा खटाटोप केला. हेच गृहस्थ पुढे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे मोजमापाची पट्टी कोणाच्या हाती आहे याला किती महत्त्व असते, ते ध्यानात येते.

या इतिहासात एका मराठी विदुषीचे नाव आदराने घ्यावयास हवे. इरावतीबाई कर्वे बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकत होत्या. कवटीच्या डाव्या व उजव्या बाजूंतील असमानता युरोपीय वंशात अधिक असते आणि तिचा बौद्धिक श्रेष्ठत्वाशी संबंध आहे, ही फिशर यांची धारणा. ती पडताळून पाहण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी निरनिराळ्या वंशांच्या १४९ कवट्या मोजल्या. असमानता सर्वत्र आढळली. पण तिचा वंशाशी संबंध जुळला नाही. गुरूच्या मताविरुद्ध जाणारा तो निष्कर्ष त्यांनी आपल्या प्रबंधात तसाच मांडला आणि १९३० साली डॉक्टरेट मिळविली. पुढे काही वर्षांतच जर्मनीत या वंशविचाराचे काय झाले, ते सर्वविदित आहे. माप तेच, कवट्याही त्याच. आकड्यांना हवे ते बोलावयास न लावण्याचा निर्धार तेवढा त्यांचा.

कवटी न फोडता आतला मेंदू पाहता यावा, ही मात्र फार काळ केवळ इच्छाच होती. क्ष-किरणांना हाड दिसते, मऊ मेंदू दिसत नाही. १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे काप क्ष-किरणांनीच, पण संगणकाच्या साहाय्याने, चित्रित केले. त्याच दशकात दुसरी एक पद्धत आकार घेत होती, आणि मेंदूच्या मोजणीसाठी तीच आज मुख्यतः वापरली जाते. तिला चुंबकीय अनुनाद प्रतिमापद्धती म्हणतात. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिला एम.आर.आय. एवढेच म्हणतात.

रेडिओच्या श्रोत्यांना या यंत्राचे मर्म कळावयास अवघड नाही. कारण ते एका परीने रेडिओच आहे. मेंदूत पाण्याचे प्रमाण मोठे. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू. या अणूंची केंद्रे इवल्या चुंबकासारखी वागतात. एरवी ती वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. रुग्णाला यंत्राच्या बोगद्यात निजविले की एक प्रबळ चुंबकक्षेत्र त्यांच्यावर लागू होते. मोठ्या यंत्रांत त्याची तीव्रता ३ टेस्ला असते, म्हणजे होकायंत्राची सुई फिरविणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सत्तर हजारांहून अधिक पट. त्या प्रभावाखाली या केंद्रांपैकी थोडी अधिक संख्या क्षेत्राच्या दिशेला वळते. मग एका ठराविक कंपनसंख्येची रेडिओ-लहर सोडली जाते, ती केंद्रे डळमळतात, आणि लहर थांबल्यावर सावरता सावरता स्वतःच एक क्षीण लहर परत पाठवितात. दीड टेस्लाच्या यंत्रात ही कंपनसंख्या सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते, तीन टेस्लाच्या यंत्रात सुमारे १२८. आपण जी एफ.एम. केंद्रे ऐकतो, ती ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. म्हणजे मेंदूचे हे प्रक्षेपण त्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे, शेजारच्याच गल्लीत चाललेले असते. यंत्राच्या पोटात जो ठणठणाट ऐकू येतो, तो मात्र या लहरींचा नव्हे. आवाज कोठून येत आहे हे ओळखता यावे म्हणून चुंबकक्षेत्राला जागोजाग किंचित उतार देणाऱ्या तारांची वेटोळी क्षणोक्षणी चालू-बंद होतात, त्यांचा तो गोंगाट.

सगळ्या भागांतील केंद्रे सारख्याच वेगाने सावरत नाहीत, आणि चित्र उमटते ते यामुळेच. मज्जातंतूंवर मेदाचे वेष्टन असते. अशा तंतूंनी भरलेला पांढरा भाग चित्रात उजळ दिसतो. मज्जापेशींनी गजबजलेला करडा भाग त्याहून मंद, आणि पोकळ्यांतील पाणी काळे. चित्र चौरस ठिपक्यांचे नसून घनाकार कणांचे असते. त्यातील एक कण बहुधा एक मिलिमीटर लांब, रुंद व उंच. एका प्रौढ मेंदूत असे बारा-तेरा लाख कण बसतात. संगणक एकेक कण तपासून तो करडा, पांढरा की पाण्याचा हे ठरवितो आणि प्रत्येक भागाचे घनमाप मांडतो. मेंदूची वरची साल दोन ते चार मिलिमीटर जाडीची आहे, म्हणजे अवघी दोन-चार कणांची. तिच्यातील अर्ध्या मिलिमीटरचा फरक सांगू पाहणाऱ्याने किती जपून बोलावे, ते यावरून उघड व्हावे.

येथवर सारे यंत्राचे कौतुक झाले. खरी अडचण पुढे आहे. कोणतेही दोन मेंदू सारखे नसतात. चेहऱ्याप्रमाणेच प्रत्येकाच्या वळ्या नि खाचा वेगळ्या. मग शंभर जणांच्या मेंदूंची तुलना करावयाची तर एका मेंदूतील अमुक जागा म्हणजे दुसऱ्यातील कोणती, हे आधी ठरविले पाहिजे. यासाठी एक प्रमाणनकाशा घेतात, आणि प्रत्येक मेंदूचे चित्र ताणून, दाबून, वळवून त्या नकाशावर बसवितात. जेथे पुष्कळ दाबावे लागले, तेथे तो मेंदू नकाशापेक्षा मोठा. जेथे ताणावे लागले, तेथे लहान. त्या ताणण्या-दाबण्याचाच हिशेब म्हणजे मोजमाप. सबब सगळा प्रश्न त्या नकाशावर येऊन ठेपतो: हा प्रमाणनकाशा कोणाचा?

उत्तर ऐकून नवल वाटेल. १९८८ साली तालेराख आणि तूर्नू यांनी जो नकाशा प्रसिद्ध केला आणि जो जगभरच्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षे वापरला, तो एका साठ वर्षांच्या फ्रेंच स्त्रीच्या मृत्यूत्तर मेंदूवरून काढलेला होता. एका बाईच्या मेंदूवर साऱ्या मनुष्यजातीची मोजणी! १९९० नंतरच्या दशकात कॅनडातील माँट्रियल येथे ३०५ निरोगी माणसांच्या चित्रांची सरासरी काढून नवा नकाशा तयार झाला. तो पुष्कळच बरा. तरी त्या ३०५ पैकी २३९ पुरुष होते, सारे उजवे होते आणि सरासरी वय तेवीस. म्हैसूरची सत्तर वर्षांची आजी किंवा सोलापूरचा आठ वर्षांचा मुलगा या नकाशावर बसवावयाचा, म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा घालून तो ढगळ झाला म्हणून घालणाऱ्यालाच रोडका ठरविण्यासारखे आहे.

जमिनीच्या मोजणीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे लवकर पटेल. आपल्याकडील मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब व तितकेच रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा. साखळी जर बोटभर ताणली गेलेली असेल, तर मोजणीदार कितीही प्रामाणिक असला तरी साऱ्या गावाची शेते कागदावर आखडतात. श्रीरंगपट्टण पडल्यानंतर १८०० साली म्हैसूरच्या मुलखातच लॅम्बटन यांनी आपली पाहणी सुरू केली. पोलादी साखळीने जमीन मोजण्याआधी ते साखळीच मोजत. एक साखळी वापरावयाची, दुसरी तशीच जपून ठेवावयाची आणि पहिली दुसरीशी वरचेवर ताडून पाहावयाची. उन्हाने पोलाद किती वाढले याचाही हिशेब ठेवावयाचा. हेच लॅम्बटन मोजणी करीत करीत उत्तरेकडे सरकले आणि १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निवर्तले.

भारतीय मेंदूची स्वतःची साखळी तयार होण्यास एकविसावे शतक उजाडले. हैदराबादच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २१ ते ३० वर्षे वयाच्या पन्नास स्त्रिया व पन्नास पुरुष यांच्या चित्रांवरून एक भारतीय नकाशा सिद्ध केला. तो २०१९ साली पुढे आला. पाश्चात्त्य, तसेच चिनी व कोरियन नकाशांशी तुलना करता, सरासरीने भारतीय मेंदूची उंची, रुंदी व घनमाप कमी भरते, असे त्यात दिसले. झाले! वृत्तपत्रांना मथळा मिळाला: भारतीयांचा मेंदू लहान. संशोधकांचा रोख निराळा होता. परदेशी नकाशा प्रमाण मानला, तर निरोगी भारतीयाचा मेंदूही झिजल्यासारखा दिसेल, आणि स्मृतिभ्रंशासारख्या रोगाचे निदान चुकेल, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. मथळा वाचणाऱ्यांपैकी तुर्गेनेव्ह व फ्रान्स यांची वजने किती जणांना आठवली असतील?

लगोलग २०२० साली बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतील मंडळींनी अधिक व्यापक काम प्रसिद्ध केले. त्यांनी एकच नकाशा न करता, सहा ते साठ वर्षांपर्यंतच्या वयाचे पाच टप्पे पाडून पाच नकाशे केले. हे आवश्यकच होते. कारण पौगंडावस्थेत मेंदूची साल पातळ होत जाते, आणि तो आजार नसून वाढीचाच भाग आहे. सोळा वर्षांच्या मुलाला पंचविशीच्या नकाशाने तोलले, तर निसर्गक्रमालाच विकार म्हणण्याचा प्रसंग यावयाचा. २०१६ पासून सहा ते तेवीस वर्षांच्या सुमारे नऊ हजार मुलामुलींची जी मोठी पाहणी भारतातील सात केंद्रांतून झाली, तिच्यात म्हैसूर हेही एक केंद्र होते. परिस्थिती, पोषण, व्यसनाकडे झुकणारा स्वभाव आणि मेंदूची वाढ यांचा मेळ तपासणे हा तिचा उद्देश. सहभागी मुलांपैकी काहींच्या मेंदूची चित्रेही घेण्यात आली.

परक्या मापाला आपल्या अंगाजोगे करून घेण्याची ही खटपट म्हैसूरला नवी नव्हे. तेथील महाराजा महाविद्यालयात १९२४ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याचे प्रमुख एम. व्ही. गोपालस्वामी हे लंडनला बुद्धिमापनाचे प्रसिद्ध आचार्य स्पिअरमन यांच्यापाशी शिकून आले होते. पाश्चात्त्य कसोट्या जशाच्या तशा येथील मुलांपुढे ठेवण्यात अर्थ नाही, हे ओळखून त्यांनी त्यांची भारतीय रूपांतरे केली. याच प्राध्यापकांनी १९३५ साली आपल्या घरी एक छोटे प्रक्षेपण केंद्र थाटले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले; पुढे ते साऱ्या राष्ट्राने उचलले.

आता नकाशा आपला, यंत्र उत्तम, तरीही आकडा फसवू शकतो. मूल यंत्रात जरासे हलले, तर त्याच्या मेंदूची साल असते त्यापेक्षा पातळ भासते. चंचल मुलांचा एक गट व शांत मुलांचा दुसरा गट मोजला, तर मेंदूतील फरक म्हणून जे हाती लागते त्यात निव्वळ चुळबुळीचाही वाटा असू शकतो. एकाच माणसाला दोन यंत्रांत निजविले तर दोन मापे येतात. माणूस पाणी पुरेसे प्याला आहे की नाही, याचाही अल्पसा परिणाम घनमापावर होतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारी केंद्रे लॅम्बटनप्रमाणेच आधी यंत्राचे माप काढतात. ठराविक आकाराचे कृत्रिम नमुने वेळोवेळी यंत्रात ठेवून ते काल मोजले तेवढेच आज भरतात ना, हे पाहतात.

त्यातही समूहाचा फरक आणि व्यक्तीचा फरक यांत अंतर आहे. स्मरणाशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा, एक लहानसा भाग मेंदूत दोन्ही बाजूंना असतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना त्या शहराचे हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सोळा चालकांमध्ये या भागाची मागली बाजू इतरांपेक्षा मोठी आढळली. फरक खरा होता. परंतु तेवढ्यावरून चित्र पाहून टॅक्सीचालक ओळखता येणार नाही, कारण दोन्ही गटांची मापे एकमेकांत मिसळलेली असतात. सरासरीचा नियम माणसाच्या कपाळावर चिकटविण्याची घाई रिस्ले यांच्या काळी होती, तशीच ती नव्या यंत्रांनाही ग्रासू शकते.

एका माणसापुरते सर्वांत खात्रीचे माप म्हणजे त्याचे त्यालाच लावलेले. अपस्माराच्या काही रोग्यांत एका बाजूचा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला असतो. डावा व उजवा यांची त्याच चित्रात तुलना केली की रोगाचे घर सापडते, आणि इतर तपासण्यांनीही तेच सांगितले तर शस्त्रक्रियेने आराम पडू शकतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आल्या आहेत. येथे ना फ्रेंच बाई लागते, ना माँट्रियलचे तरुण. वृद्धांच्या बाबतीतही तेच: एका चित्रापेक्षा दोन वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे कितीतरी अधिक सांगतात.

आणि येथेच म्हैसूरच्या वह्यांचे मोल पुन्हा ध्यानी येते. १९९७-९८ मध्ये होल्ड्सवर्थ रुग्णालयात गर्भवती स्त्रियांची नोंद करून त्यांच्या मुलांचा मागोवा घेण्यास आरंभ झाला. नवव्या-दहाव्या वर्षी पाचशेवर मुलांच्या स्मरण, भाषा व आकलन यांच्या चाचण्या झाल्या. जन्मवेळी ज्यांचे वजन व डोक्याचा घेर अधिक होता, त्यांचे गुण सरासरीने अधिक पडले खरे, पण किंचितच. दोन मुलांत एरवी जो फरक असतो, त्याच्यापुढे तो नगण्य होता. आईवडिलांचे शिक्षण आणि घरची स्थिती हिशेबात धरल्यावर शिकणे व स्मरण यांसारख्या काही क्षमतांपुरताच तो संबंध टिकून राहिला, भाषेत तो आढळला नाही. १९३४ ते १९६६ या काळात जन्मलेली जी मंडळी पूर्वीच्या पाहणीत सापडली होती, त्यांच्याकडेही संशोधक २०१३ नंतर पुन्हा गेले. या खेपेला हृदयाबरोबर स्मृतीही तपासण्यासाठी. साठी-सत्तरीतल्या माणसांना शब्दांची यादी ऐकवावयाची, थोड्या वेळाने त्यातले किती आठवतात ते विचारावयाचे, आणि आलेले उत्तर परिचारिकेने फीत गुंडाळून लिहिलेल्या त्या जुन्या आकड्याशेजारी मांडावयाचे, असे ते काम आहे.